आपल्या लिखाणाला कात्री लागली तर काय करायचं? : भित्तिपत्रकापासून उच्च न्यायालयापर्यंत



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण जो मुलगा किंवा मुलगी मनापासून काही लिहिते, तिच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. आपण लिहून देतो, मध्ये कुणीतरी बसलेलं असतं आणि तो म्हणतो, "हे छापता येणार नाही." किंवा काहीच म्हणत नाही, नुसत्या ओळी गायब होतात. शाळेच्या हस्तलिखितात हे होतं, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत होतं, दिवाळी अंकात होतं. शिक्षकांचंही होतं बरं का! माझा एक लेख एका अंकात अर्धाच छापून आला होता. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

अशा वेळी वागायचं कसं, ते आज पाहू. आधी वर्गातली गोष्ट सांगते, कारण तिच्यात कात्री चालवणारी मीच होते.

आमची शाळा भिवंडीत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात. आमच्या मुलांना शांततेची सवय नाही. घराच्या भिंतीला लागून कारखाना, रात्रंदिवस खटखट चालू. वर्गात मुलं मोठ्यानं बोलतात ती उद्धट म्हणून नव्हे, घरी त्याशिवाय ऐकूच येत नाही. तर, दर महिन्याला आम्ही भित्तिपत्रक लावतो. विषय होता 'आमच्या घरातलं काम'. पाचवीतल्या एका मुलीनं एक पान लिहून आणलं. वडील रात्रपाळी करून येतात, कानात आवाज राहतो म्हणून उशी डोक्यावर घेऊन झोपतात, आई दुपारी कांड्या भरते, असं सगळं. वाचून मला फार बरं वाटलं. शेवटी दोन ओळी होत्या. वडिलांच्या सेठचं नाव लिहून पुढे लिहिलं होतं, की त्यांनी तीन आठवड्यांचे पैसे दिले नाहीत, वडिलांनी मागितले तर दुसरा माणूस ठेवीन म्हणाले.

मी त्या दोन ओळी वगळून लेख लावला. तिला सांगितलं नाही. मनात हिशोब अगदी सोपा होता : सेठचं कुणी ना कुणी शाळेत येणार, वाचणार, आणि त्याचा त्रास तिच्या वडिलांनाच होणार. हिशोब चुकीचा नव्हता. पण मी तो माझ्याजवळच ठेवला.

मुलगी भिंतीसमोर उभी राहून वाचत होती. शेवटापर्यंत आली आणि परत वरून वाचायला लागली. मग माझ्याकडे येऊन विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "काही नाही गं, छान लिहिलंस." पुढच्या महिन्यात तिनं 'माझा आवडता सण' या विषयावर पाच ओळींचा निबंध दिला. तो कुणीही लिहिला असता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी थोडं वाचलं, आणि वाचता वाचता आपल्या भिवंडीशी जोडलेला एक धागा हाती लागला. तो तुम्हाला सांगायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. छापण्याआधी मजकूर दाखवून घ्या, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन यांनी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी कायदा आणला. इंग्रजी वर्तमानपत्रांना तो लागू नव्हता, हे लक्षात ठेवा. जामिनकी नको असेल तर छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवा, अशी त्यात सोय होती. सोय म्हणायची, दुसरं काय! पुढे रिपन आले आणि तो कायदा गेला. १९१० साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली. नाटक महाभारतातलं, पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि सरकारलाही तो दिसला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम १९ नं आपल्याला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. त्याच कलमात ते कोणत्या कारणांसाठी रोखता येईल तेही लिहिलं आहे : देशाची एकता आणि सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. आणि ही बंधनं वाजवी असली पाहिजेत असंही म्हटलं आहे. 'मला आवडलं नाही' हे कारण त्या यादीत नाही. वर्गात हे कलम शिकवताना आपण पहिला भाग घोकून घेतो आणि दुसरा भाग सोडून देतो. खरं तर दुसरा भागच जास्त उपयोगाचा आहे, कारण भांडायची वेळ येते तेव्हा भांडण त्या यादीवरून होतं.

आता मुख्य प्रकरण. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ठरावीक विषयांवरचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा, त्यानं पास केला तर छापायचा. संपादक लोकांनी काय काय केलं पाहा. 'इंडियन एक्सप्रेस'नं २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली. कोरी जागा वाचणाऱ्याला सगळं सांगून जाते. मग सेन्सॉरनं कोरी जागा सोडायलाही मनाई केली! मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त एका माणसानं निधनाची छोटी जाहिरात दिली. वरवर पाहता कुणा ख्रिस्ती गृहस्थाच्या मृत्यूची बातमी, पण नावं नीट वाचली तर कळायचं की वारलेली ती लोकशाही, आणि मागे राहिलेले सत्य, स्वातंत्र्य, श्रद्धा, आशा, न्याय. जाहिरात घेणाऱ्या खिडकीवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आपल्या मराठी माणसांनाही या सेन्सॉरशी झगडावं लागलं. साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाला तर लागलंच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत उघडपणे आणीबाणीविरुद्ध बोलल्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, तिथेच होते. दुर्गाबाईंना पुढे १९७६ मध्ये अटक झाली.

पण मी ज्यावर थांबणार आहे ते प्रकरण शांत आहे, कागदांचं आहे. मुंबईत 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं एक छोटं इंग्रजी मासिक निघायचं. संपादक मिनू मसानी. हे गृहस्थ १९४३ मध्ये मुंबईचे महापौर झाले होते, संविधान सभेत सदस्य होते, आणि (आपल्या कामाची गोष्ट) त्यांनी १९४० मध्ये 'अवर इंडिया' नावाचं मुलांसाठी पुस्तक लिहिलं होतं. देशाची शेती, खाणी, लोकसंख्या हे सगळं गप्पा मारल्यासारखं सांगणारं. मसानींनी ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर सेन्सॉरकडे पाठवला आणि त्यातले अकरा मजकूर नामंजूर झाले.

आता इथे माणसाला दोन गोष्टी सुचतात. एक, अकरा मजकूर काढून अंक काढावा आणि गप्प बसावं. दोन, रागाच्या भरात अंकच बंद करावा. मसानींनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. बरं, त्या वेळी आणीबाणीमुळे कलम १९ चं संरक्षणच थांबवलेलं होतं. 'माझं स्वातंत्र्य हिरावलं' असं म्हणायला जागा नव्हती. मग मुद्दा काय मांडायचा? मुद्दा असा, की सेन्सॉरला अधिकार ज्या नियमानं मिळाले, त्या नियमात ते कशासाठी वापरायचे तेही लिहिलं आहे. हे अकरा मजकूर त्या कारणांत बसतात का, ते दाखवा.

मला हा मुद्दा फार शिकण्यासारखा वाटतो. 'तुम्ही मला अडवूच शकत नाही' असं म्हणण्यापेक्षा 'तुमच्याच नियमाप्रमाणे मला का अडवलंत ते सांगा' हे जास्त अवघड जातं समोरच्याला. पहिल्या वाक्याला तो हसतो. दुसऱ्या वाक्यावर त्याला नियमाचं पुस्तक उघडावं लागतं.

नोव्हेंबर १९७५ मध्ये एका न्यायमूर्तींनी मसानींच्या बाजूनं निकाल दिला. सेन्सॉर अपिलात गेला. फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी ऐन भरात असताना, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते अपील फेटाळलं. खंडपीठाचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते : मतभेद कडक शब्दांत मांडला, एवढ्याच कारणानं मजकूर रोखता येत नाही. सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात बोलायला लावणं आणि लोकांचं मत एकाच साच्यात ओतणं हे सेन्सॉरचं काम नाही. लक्षात घ्या, न्यायालयानं सेन्सॉर नकोच असं म्हटलं नाही. सेन्सॉरला त्याची रेघ दाखवली.

या खंडपीठातले एक न्यायमूर्ती होते एम. एच. कानिया, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. आणि दुसरे होते डी. पी. मादन.

मादन हे नाव वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. भिवंडीतल्या जुन्या माणसांना हे नाव माहीत आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडीत दंगल झाली, पाठोपाठ जळगाव आणि महाडलाही झाली. त्या तिन्ही ठिकाणची चौकशी करणारा आयोग म्हणजेच न्यायमूर्ती मादन आयोग. हेच ते मादन. आपल्या गावातली माणसं कशी मेली, घरं कशी जळली, घोषणांनी आणि अफवांनी काय केलं, पोलीस कसे वागले, हे त्यांनी साक्षी आणि कागदपत्रांतून बघितलं होतं. शब्दांनी आग लागते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तरीही तेच न्यायमूर्ती म्हणाले, की शब्द नुसता कडक आहे म्हणून तो दाबता येत नाही.

या दोन गोष्टी मी बराच वेळ एकत्र धरून बघत होते. कारण भिवंडीत राहणाऱ्या माणसाला 'सगळं बोलू द्या, कुणी अडवू नका' असं सहज म्हणता येत नाही. १९८४ ची दंगल आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी पाहिलेली आहे. एक खोटी बातमी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला किती वेळ लागतो हे त्यांना विचारा. पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, दुकानदार, माग चालवणारे, एकत्र बसायची आणि कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी ते तिथल्या तिथे बघायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. समितीत अफवा अडवली जायची, पण अडवणारा समोर बसलेला असायचा, त्याला प्रश्न विचारता यायचा. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

म्हणून, तुमचं लिखाण अडवलं गेलं तर पहिलं काम रागाचं नाही, वाचायचं आहे. तुम्ही दिलेलं आणि छापलं गेलेलं, दोन्ही कागद शेजारी ठेवा. नेमकं काय गेलं? पुष्कळदा आपल्याला वाटतं 'माझा लेख मारला', आणि प्रत्यक्षात एक नाव आणि एक विशेषण गेलेलं असतं. माझ्या त्या अर्ध्या लेखाचं सांगते. दोन दिवसांनी शांत डोक्यानं बघितलं तर वगळलेल्या भागापैकी निम्मा खरोखर पाल्हाळ होता. उरलेला निम्मा मात्र लेखाचा जीव होता. संपादकांना मी पत्र लिहिलं, पाल्हाळाबद्दल आभार मानले आणि दुसऱ्या भागाचं कारण विचारलं. उत्तर आलं : जागा नव्हती. एवढंच! मी दोन दिवस त्यात कट शोधत बसले होते.

दुसरं, कारण विचारताना आवाज खाली ठेवा पण प्रश्न नेमका ठेवा. 'माझंच का?' हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. 'या ओळीत कोणत्या नियमाला बाधा येते?' हा प्रश्न आहे. नियमच सांगितला नसेल तर नियम काय आहे ते विचारा. आणि मूळ कागद जपून ठेवा, तारखेसह. मसानींकडे अकरा मजकूर होते म्हणून न्यायालयाला ते बघता आले.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. कधी कधी अडवणाऱ्याचं बरोबर असतं. तुम्ही रागात कुणाची जात काढली असेल, ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहिली असेल, दुसऱ्याच्या घरातलं त्याला न विचारता मांडलं असेल, तर ती ओळ जाऊ द्या आणि मनाला लावून घेऊ नका. पण अडवणारा चुकला असेल, तर त्या ओळीसाठी थांबायची तयारी हवी. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाला परिनिरीक्षण मंडळानं १९७२ मध्ये ३२ कट सुचवले होते. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, पण ते दिवस किती ओढाताणीचे होते ते त्यांच्या 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात आहे. (नाटक मोठ्यांसाठी आहे, मुलांना वाचायला देऊ नका. शिक्षकांनी पुस्तक जरूर वाचावं.) प्रत्येक ओळीसाठी एवढं करायला कुणालाच जमत नाही. कोणत्या ओळीसाठी करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता वर्गात घेता येईल असा एक उपक्रम. मी तो चौथी-पाचवीत घेतला. फळ्यावर पाच वाक्यांची बातमी लिहिली : शाळेची सहल ठरली. सहलीचे पैसे जास्त आहेत असे पालक म्हणतात. अमुक मुलगा बसमध्ये उलटी करतो. म्हणे रस्त्यावर वाघ दिसला. शाळेची घंटा कधी कधी उशिरा वाजते. तीन गट केले आणि प्रत्येकाला लाल पेन्सिल दिली. पहिल्या फेरीत एवढंच सांगितलं, 'जे योग्य नाही ते खोडा.' तिन्ही गटांनी वेगवेगळं खोडलं. एका गटानं घंटेचं वाक्य खोडलं होतं. का, विचारल्यावर म्हणाले, "मुख्याध्यापक सरांना राग येईल." पैशांचं वाक्य दोन गटांनी खोडलं, कारण 'बाईंना वाईट वाटेल'. वाघ मात्र सगळ्यांनी ठेवला होता, कारण वाघ मजेशीर आहे! दुसऱ्या फेरीत मी नियम दिला : खोटं किंवा खात्री नसलेलं, आणि एखाद्याला सगळ्यांसमोर लाज वाटेल असं, एवढंच खोडायचं, आणि समोर कारण लिहायचं. या वेळी उलटीचं वाक्य गेलं, वाघ गेला (एका गटाला फार जड गेलं), आणि घंटा व पैसे राहिले.

घंटेचं वाक्य खोडणारा गट बघून मला वाटलं, यांना हे कुणी शिकवलं? उत्तर मला माहीत होतं. भित्तिपत्रकावरच्या त्या दोन ओळी सगळ्या वर्गानं न बघताही बघितल्या होत्या.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला थांबवून घेतलं. तिच्या मूळ कागदाची घडी माझ्या पर्समध्येच होती. म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. मी ओळी काढल्या, कारण सेठचं नाव वाचून कुणी तुझ्या बाबांना कामावरून काढलं असतं तर, अशी मला भीती वाटली. तुला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही." ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव काढा ना मग. तीन आठवडे कशाला काढलं?"

मी घरी जाऊन तिच्या आई-वडिलांशी बोलले. आई आधी घाबरली. वडिलांनी पूर्ण वाचायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. उशीचं वाक्य आलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "सेठचं नाव नको बाई. बाकी खरं आहे, लावा." पुढच्या सोमवारी तो लेख पुन्हा लावला, नावाशिवाय, तीन आठवड्यांसकट. खाली तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, की यातलं एक नाव लेखिकेनं स्वतः काढलं आहे.